आठ मासे आणि एक दाढ

दातांच्या डॉक्टरांच्या बायकोनं आठ महिन्यांत उजव्या बाजूनं एकही घास चावला नव्हता, आणि डॉक्टरांच्या दृष्टीनं हा प्रश्न दाताचा नव्हता, अब्रूचा होता.

बावीस वर्षं एकाच जागी दवाखाना चालवलेला माणूस. बाहेरच्या खोलीत पेशंटांनी बसायचं, आतल्या खोलीत खुर्ची. दारावरच्या पाटीवर नावाखाली 'हळुवार हात, निर्धास्त उपचार' अशी ओळ होती. ती डॉक्टरांनी स्वतः रचली होती आणि रचायला पदवीच्या शेवटच्या वर्षाइतकेच कष्ट पडले असं ते सांगत. अख्ख्या गावाच्या तोंडात हात घालणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरातल्या एका तोंडापर्यंत मात्र पोचता येत नव्हतं.

"अगं, उजवीकडे काही दुखतंय का?" जेवताना ते सहज विचारल्यासारखं विचारत.

"नाही."

"मग घास तिकडे का जात नाही?"

"सवय."

बायको शाळेत गणित शिकवत असे. पायऱ्या न दाखवता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे ती अर्धे गुण कापायची. घरी मात्र तिची स्वतःची सगळी उत्तरं अशीच एका शब्दात संपत. डॉक्टर तिच्या गालाकडे बघत, गाल कुठे सुजलाय का याचा अंदाज घेत, आणि तिनं वर पाहिलं की घाईघाईनं आमटीत बघत.

हेही एकवेळ चाललं असतं. पण एका सकाळी ताईंनी बातमी आणली. ताई म्हणजे दवाखान्यात पेशंटांची नावं पुकारणाऱ्या, अठरा वर्षं त्याच टेबलामागे बसलेल्या आणि डॉक्टरांपेक्षा दवाखान्याची जास्त माहिती असलेल्या बाई. त्या म्हणाल्या, "वहिनींनी त्या नव्या डॉक्टरकडे वेळ घेतलीय. परीक्षा संपल्यावरची."

"कुठला नवा?"

"गावाच्या त्या टोकाचा. काचेच्या दाराचा."

डॉक्टर मट्कन खुर्चीत बसले, तेही पेशंटच्या खुर्चीत. काचेच्या दाराच्या त्या माणसाबद्दल त्यांनी चार लोकांत काय काय म्हटलं होतं ते सगळं त्यांना एकदम आठवलं. "ताई, हे गावाला कळलं तर?"

"गावाला कळलंय," ताई म्हणाल्या. "तुम्हालाच आज कळलं."

परीक्षा संपायला सहा आठवडे होते. सहा आठवड्यांत बायकोला आपल्या खुर्चीत बसवायचं, असा डॉक्टरांनी मनाशी निश्चय केला. आता ती आपल्याकडे का येत नाही, हे तिला सरळ विचारणं हा एक मार्ग होता. पण इतका सोपा मार्ग डॉक्टरांसारख्या शिकलेल्या माणसाला सुचणार कसा? त्यांनी गृहीत धरलं की ती घाबरते. बायका घाबरतात, पुरुष घाबरतात, एकदा तर पोलीस इन्स्पेक्टर घाबरून खुर्चीतून उठून गेला होता. मग भीती घालवायचा उपाय शोधायला हवा. तो त्यांना बाहेरच्या खोलीतल्या एका जुन्या मासिकात सापडला. त्यात लिहिलं होतं की पोहणारे मासे पाहत बसलं की माणसाची भीती ओसरते.

माशांच्या दुकानाचा मालक हलक्या आवाजात बोलणारा, फार समजूतदार माणूस निघाला. "घरासाठी हवेत की धंद्यासाठी?"

"भीती घालवण्यासाठी."

"कुणाची?"

डॉक्टर टाक्यांच्या किमती वाचू लागले. मालकानं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "मग चार फुटी टाकी घ्या."

टाकी आली. सोबत आठ मासे आले, तीन केशरी, चार पट्ट्यापट्ट्यांचे आणि एक जाडजूड, सोनेरी, कपाळाला आठ्या घातल्यासारखा दिसणारा. एक प्लास्टिकचा किल्लाही आला. आता ही टाकी ठेवायची कुठे, यावर दवाखान्यात अर्धा दिवस चर्चा झाली. खिडकीशी ठेवली तर उन्हानं पाणी हिरवं होतं असं मालकानं बजावलं होतं. दाराशी ठेवली तर येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का. ताईंच्या मागे ठेवावी तर "दिवसभर डोक्यामागे बुडबुडे मला नकोत" असं त्यांनी साफ सांगितलं. राहिली एकच भिंत, आतल्या खोलीला लागून असलेली. तिच्या पलीकडे खुर्ची होती, ड्रिल होतं, आणि ड्रिलला हवा पुरवणारा तो जुना कॉम्प्रेसर होता, जो सुरू झाला की कपाटातल्या बाटल्या एकमेकींना टकटक करायच्या. पण ते पलीकडे. अलीकडे टाकी फार शोभून दिसली.

पहिला आठवडा छान गेला. पेशंट माशांकडे बघत बसू लागले. बायकोही एक दिवस शाळेतून परस्पर आली आणि दहा मिनिटं टाकीसमोर बसली. एक केशरी मासा काचेपाशी येऊन तिच्याकडे बघत राहिला.

"छान आहेत," ती म्हणाली.

आठ महिन्यांत त्या दवाखान्यातल्या एखाद्या वस्तूविषयी तिनं काढलेला हा पहिला बरा शब्द. डॉक्टरांनी धीर केला. "मग रविवारी येतेस? नुसती बघतो दाढ. हात लावणार नाही."

"बघू," ती म्हणाली. "रविवारी बघू."

तिच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असतो, एवढं डॉक्टर वीस वर्षांच्या संसारात शिकले होते. पण 'रविवारी बघू' हा प्रकार नवा होता. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

रविवारी बाहेरची खोली भरलेली होती. आत एका शिंप्याची दाढ चालू होती. बाहेर डॉक्टरांची बायको पर्स मांडीवर ठेवून बसली होती, आणि तिच्या शेजारी भूगोलाचे निवृत्त सर बसले होते. सर कवळी करून घेत होते. तोंडात एकही दात उरलेला नसल्यामुळे त्या खोलीतला हा एकमेव निर्भय माणूस. कवळीच्या मापासाठी त्यांना वरचेवर यावं लागे, आणि रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे ते एका वहीत माशांच्या नोंदी करू लागले होते.

"आता बघा हं," सर वही उघडून म्हणाले. "आत ड्रिल सुरू होईल."

आत कॉम्प्रेसर गुरगुरला. टाकीतले आठही मासे एका दमात पलीकडच्या कोपऱ्यात गेले आणि प्लास्टिकच्या किल्ल्यामागे दाटीवाटीनं उभे राहिले. किल्ल्यामागे जागा तिघांची होती. जाडा सोनेरी अर्धा बाहेर राहिला आणि तिथेच थरथरत राहिला. आवाज थांबला तसे ते एकेक करून बाहेर आले. पुन्हा आवाज, पुन्हा पळापळ. असं चार वेळा झालं, आणि चारही वेळा सरांनी वहीत फुली मारली.

"माशाला अंगभर कान असतात म्हणा ना," सर खोलीला उद्देशून म्हणाले. "जीवशास्त्राच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचे तास मीच घेत असे. पाण्यात जरा थरथर झाली तरी त्याच्या अंगाला कळते. इथे तर अख्खी भिंत थरथरते."

डॉक्टर हात पुसत बाहेर आले तेव्हा बायकोची खुर्ची रिकामी होती.

"काही म्हणाली का?" त्यांनी ताईंना विचारलं.

"म्हणाल्या, ज्यांना नुसतं भिंतीपलीकडे बसवलंय त्यांची ही गत. मला तर खुर्चीत बसायचंय."

सरांच्या नोंदींवर विश्वास ठेवायला डॉक्टर तयार नव्हते. भूगोलाच्या माणसानं काढलेला वैद्यकीय निष्कर्ष म्हणजे काय, तर वाऱ्याची दिशा बघून ताप मोजण्यासारखं. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर त्यांनी रीतसर प्रयोग करायचं ठरवलं. अडचण एवढीच होती की ड्रिल पायाखालच्या पेडलवर चालतं, आणि पेडलवर पाय ठेवून भिंतीपलीकडचे मासे दिसत नाहीत. तेव्हा ताईंना आत बसवलं, पेडल दाबायला सांगितलं, आणि डॉक्टर बाहेर टाकीसमोर गुडघे टेकून बसले. कॉम्प्रेसर गुरगुरला. मासे किल्ल्यामागे गेले. जाड्याचं शेपूट बाहेर राहिलं.

"पुरे," डॉक्टर म्हणाले. मग जरा मोठ्यानं म्हणाले. मग ओरडले. पण त्या गुरगुराटात ताईंना काय ऐकू येणार? त्या इमानेइतबारे पेडल दाबून बसल्या होत्या. शेवटी डॉक्टरांना उठून आत पळत जावं लागलं, आणि जाताना त्यांचा गुडघा टाकीच्या स्टँडला आपटला. प्रयोग यशस्वी झाला. डॉक्टर मात्र लंगडत घरी गेले.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याचा रंगच पालटला. आत काय चाललंय हे कळायला पूर्वी काही साधन नव्हतं, त्यामुळे लोक गुमान बसत. आता बाहेरच्या खोलीत बातमीपत्रच सुरू झालं. "लागले पळायला." "आले बाहेर." "नाही हो, जाडा अजून आतच आहे, मोठं काम असणार." दाढ काढायला आलेला एक उंच गृहस्थ हे तीन मिनिटं बघत राहिला आणि मग गॅसवर दूध ठेवून आल्याची आठवण होऊन निघून गेला. ताईंच्या माहितीप्रमाणे त्याच्याकडे गॅसच नव्हता.

समोरचे वकील हे इमारतीच्या समितीचे सचिवही होते, त्यामुळे कुठल्याही बाबतीत सल्ला देण्याचा आपल्याला दुहेरी अधिकार आहे असं ते मानत. ते म्हणाले, "लेखी खुलासा लावा. खुलासा लावला की माणसाची जबाबदारी संपते." मग टाकीवर पाटी लागली: 'माशांच्या हालचालींचा आत चाललेल्या उपचारांशी काहीही संबंध नाही.' ज्यांनी तोवर माशांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं तेही आता पाटी वाचून विचारू लागले, "कुठल्या हालचाली?"

आणि मग दुसरी वही. दवाखान्यात सूचनांची एक वही होती. बावीस वर्षांत तिच्यात तीन सूचना आल्या होत्या आणि तिन्ही पंख्याबद्दल होत्या. आता ती भराभर भरू लागली. 'माशांना मोठी जागा द्यावी.' 'मासे आहेत म्हणून माझी मुलगी यायला तयार होते, कृपया काढू नयेत.' 'ज्यांना काढू नयेत असं वाटतं त्यांनी स्वतः चार फुटांत राहून दाखवावं.' एकानं लिहिलं होतं, 'डॉक्टरांचा हात फार हलका आहे. माशांना सोडा.' या माणसाचे आभार मानावेत की निषेध करावा, हे डॉक्टरांना ठरवता येईना.

सरांशी तर रोजचा वाद झाला.

"काय कमी आहे हो त्यांना?" डॉक्टर म्हणत. "वेळेवर खायला मिळतं, पाणी मी स्वतः बदलतो, मोठा मासा येऊन गिळेल ही भीती नाही."

"ती नाही. दुसरी दिलीत ना तुम्ही," सर म्हणत. "माझा प्रश्न साधा आहे, डॉक्टर. भितात तुमचे पेशंट. मग भ्यायचं काम या आठजणांना का लावून दिलंत?"

"त्यांच्या काही लक्षात राहत नाही म्हणतात. दोन मिनिटांत विसरतात."

"माझ्याही हल्ली लक्षात राहत नाही. म्हणून तुम्ही बधिर न करता माझा दात काढाल?"

तुमच्या तोंडात काढायला दात आहे कुठे, असं डॉक्टरांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते नुसतेच आत गेले आणि त्यांनी कापसाची बरणी उगाच जोरात बंद केली. सर म्हणत होते त्यात तथ्य होतं, हे त्यांना जास्त झोंबलं. आपण मासे आणले ते माशांसाठी नव्हतेच. त्यांचं एक औषध केलं आणि औषधाला काय वाटतं हे कोण विचारतं? त्यानंतर ड्रिल सुरू करताना पाय पेडलवर टेकला की त्यांच्या डोळ्यांसमोर ते बाहेर राहिलेलं शेपूट यायचं आणि फार अपराध्यासारखं वाटायचं.

शेवटी त्यांनी मासे काढायचं ठरवलं. इथून खरी कथा सुरू होते, कारण मासा आणणं सोपं असतं.

दुकानाचा मालक तितक्याच हलक्या आवाजात म्हणाला, "परत नाही घेत, डॉक्टर. बाहेर राहून आलेला मासा माझ्या टाकीत सोडला आणि काही रोग घेऊन आला असला तर? तुम्ही काढलेला दात परत बसवता का?" दाताची उपमा लोकांनी दातांच्या डॉक्टरांना का द्यावी, हे डॉक्टरांना कधीच कळलं नव्हतं.

"मग सोडा की तळ्यात," सर म्हणाले. "मोकळे होतील."

सार्वजनिक बागेत एक तळं होतं. डॉक्टरांनी एक सकाळ मोडली आणि बागेच्या अधीक्षकांच्या कार्यालयात गेले. अधीक्षकांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि एक अर्ज पुढे केला. तो झाडं देणगी देणाऱ्यांसाठी होता.

"हा झाडांचा आहे," डॉक्टर म्हणाले.

"आमच्याकडे देणगीचा हाच एक आहे. भरा ना, मी समजून घेतो."

डॉक्टरांनी भरायला घेतला. झाडाचं नाव या रकान्यात त्यांनी 'केशरी मासा' लिहिलं. पूर्ण वाढ झाल्यावर उंची, या रकान्यात 'पाच इंच (आडवी)' लिहिलं. फळ देणारे की सावली देणारे, इथे त्यांचं पेन अडलं.

"ते सोडून द्या," अधीक्षक म्हणाले. "तसंही नामंजूरच होणार आहे." मग ते डॉक्टरांना खिडकीशी घेऊन गेले. तळ्याच्या काठावर पाच बगळे ओळीनं उभे होते. "तुमचे मासे रंगीत. लांबून दिसणार. बगळ्यांनी खाल्ले तर दोन दिवसांत संपतील. समजा नाही खाल्ले आणि वाढले, तर तळ्यातल्या आमच्या बारक्या माशांची अंडी शिल्लक ठेवणार नाहीत. आधी कुणीतरी असेच चार सोडले होते. दोन वर्षं निस्तरत होतो आम्ही. दयाळू लोकांचा फार त्रास असतो हो."

डॉक्टर परत आले आणि त्यांनी थेट सरांना गाठलं. "सर, तुम्ही घेऊन जा. तुमच्याकडे भिंत थरथरत नाही. टाकी, किल्ला, सगळं देतो."

सरांनी वही मिटली. "माझ्याकडे मांजर आहे," ते म्हणाले.

सूचनांच्या वहीत सह्यांसकट माशांची बाजू मांडणाऱ्या एकोणीस जणांना ताईंनी फोन केले. सहा जणांकडे मांजर निघालं. चौघांची जागा लहान होती. दोघे लवकरच परगावी जाणार होते. एक बाई तर दाढ दुखत असूनही पुढच्या तारखेला आल्या नाहीत. घरी न्यावेत तर बायकोनं विचारलं, "आणि दिवसभर त्यांच्याकडे कोण बघणार? तुम्ही दवाखान्यात, मी शाळेत. तिथे निदान ताई आहेत."

डॉक्टर टाकीसमोर डोकं धरून बसले. परीक्षा संपायला आठ दिवस उरले होते.

"मासे हलत नाहीत ना?" ताई रजिस्टरमधून डोकं वर न काढता म्हणाल्या. "मग मशीन हलवा की."

माणसानं बावीस वर्षं जमवलेला दवाखाना आठ माशांसाठी उचलून ठेवायचा? डॉक्टरांनी याचा दोन मिनिटं राग राग केला. मग टेप आणून मोजमाप घ्यायला लागले.

कॉम्प्रेसर मागच्या गॅलरीत न्यायचा तर समितीची परवानगी हवी. वकिलांनी अर्ज मागितला. कारण या सदरात डॉक्टरांनी खरं ते लिहिलं: 'मासे घाबरतात.' समितीची बैठक झाली. एका सभासदानं विचारलं की मासे भाडेकरूंत मोडतात का. दुसऱ्यानं विचारलं की उद्या कुणाचा पोपट घाबरला तर पायंडा पडणार नाही का. बऱ्याच ऊहापोहानंतर वकिलांच्या अक्षरात परवानगी मिळाली: 'सदर मासे हयात असेपर्यंत.' म्हणजे आता त्या माशांना ठणठणीत ठेवणं कायद्यानंच डॉक्टरांच्या गळ्यात पडलं.

दवाखाना चार दिवस बंद राहिला. प्लंबरनं पाण्याची नळी फिरवली आणि हवेची विसरला. इलेक्ट्रिशियननं तीच भिंत दोनदा फोडली. खुर्ची खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला खिडकीखाली गेली, आणि तिच्या जुन्या जागी फरशीवर बावीस वर्षांचा एक पांढरा चौकोन उरला. धुळीनं मासे आजारी पडू नयेत म्हणून टाकीवर डॉक्टरांचा स्वतःचा ॲप्रन पांघरला होता. चौथ्या संध्याकाळी ड्रिल चालू करून पाहिलं. लांब गॅलरीत कसलीशी बारीक घरघर, खोलीत ड्रिलची किरकिर, बास. बाहेरून ताईंनी वर्दी दिली, "जाडा शेवाळ खातोय."

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. तो जेमतेम एक रात्र तिथे राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिला पेशंट तोच शिंपी होता. दाढेचं राहिलेलं काम. डॉक्टरांनी पेडल दाबलं, दाढेला ड्रिल लावलं, आणि त्यांना एक आवाज आला. "अंऽ." त्यांनी मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. पुन्हा दाबलं. पुन्हा आवाज. तो शिंप्याच्या घशातून येत होता.

"दुखतंय?" डॉक्टरांनी आश्चर्यानं विचारलं.

शिंपी त्यांच्यापेक्षा जास्त आश्चर्यात पडलेला दिसला. "थोडं. नेहमीइतकंच."

"नेहमी असाच आवाज करता?"

"हो," शिंपी ओशाळून म्हणाला. "तुम्ही काही म्हणत नाही, म्हणून मला वाटलं चालतं."

त्या दिवशी नऊ पेशंट झाले. त्यांतले सात जण असे आवाज करत होते. कुणी हुंकारत होतं, कुणी जीभ मागे ओढत होतं. एक आजी तर अगदी कळेल असं "उऽए", म्हणजे "पुरे", म्हणत होत्या. डॉक्टर दर वेळी थांबत, आणखी बधिर करत, वाट बघत. दुपारपर्यंत वेळापत्रक पार कोलमडलं. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर ते हात न धुता तसेच स्टुलावर बसून राहिले. बावीस वर्षं ते समजत होते की आपल्या खुर्चीत माणसं गप्प बसतात कारण आपला हात हलका आहे. माणसं गप्प नव्हतीच. कॉम्प्रेसर मोठ्यानं बोलत होता आणि त्याला आपण शांतता म्हणत होतो. त्यांना फार लाज वाटली. दारावरची पाटी आठवली तेव्हा आणखी वाटली, आणि घरी जाताना तिच्याकडे न बघता ते बाहेर पडले.

जेवायला बसल्यावर त्यांनी घास घेतलाच नाही.

"मला ऐकू येत नव्हतं," ते म्हणाले.

बायकोचा हात थांबला. "काय?"

"पेशंट. दुखलं की सांगत होते. मला कधी ऐकूच आलं नाही. इतकी वर्षं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

तिनं पाण्याचा घोट घेतला, डाव्या बाजूनं. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही माझी दाढ भरलीत. मी थांबा म्हणत होते. तुम्ही गुणगुणत होता."

डॉक्टरांना ती दाढ चांगली आठवत होती. फार सुबक भरली होती. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "तीनदा."

तिनं जेवण संपवलं, ताटं उचलली आणि वह्या तपासायला बसली. डॉक्टरांनी रविवारबद्दल विचारलं नाही, काचेच्या दाराबद्दल विचारलं नाही, आणि दाढेबद्दल तर नाहीच. विचारायचा आपल्याला काही हक्क उरलाय असं त्यांना वाटत नव्हतं.

परीक्षा संपल्या. ज्या दिवशी तिची त्या दुसऱ्या डॉक्टरकडची वेळ होती, त्या दिवशी दुपारी चारला डॉक्टर ताईंना पुढचं नाव पुकारायला सांगत होते. ताईंनी पुकारलं नाही. त्या नुसत्या बाजूला झाल्या. बायको आत आली, पर्स खिडकीत ठेवली, खुर्चीवर चढून बसली आणि तिनं मान मागे टेकली.

दाढेची अवस्था वाईट होती. डॉक्टरांनी बधिर केलं, पूर्ण दहा मिनिटं थांबले, आणि कोपर टेकवून ड्रिल सुरू केलं.

"आंआ," ती म्हणाली. तोंड उघडं असताना माणसाला 'थांबा' म्हणता येत नाही, 'आंआ' म्हणता येतं.

डॉक्टरांनी पाय काढला. "दुखलं?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं.

"मग?"

"काही नाही. ऐकू येतं का बघत होते."

त्यांनी पुन्हा सुरू केलं. अर्धं मिनिट गेलं नसेल.

"आंआ."

पाय निघाला. या वेळी ते हात बाजूला घेऊन नुसते उभे राहिले. ती छताकडे बघत होती. मग तिनं तोंड उघडलं, त्यांनी काम पुढे नेलं, आणि मधल्या एका जागी, जिथे दुखण्यासारखं काही नव्हतं हे त्यांना पक्कं माहीत होतं, तिथे ती तिसऱ्यांदा म्हणाली, "आंआ."

डॉक्टर थांबले. ड्रिलची किरकिर विरली. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती आणि ते तसेच थांबून होते.

"झाले तीन," ती म्हणाली, आणि मग तिनं आपणहून तोंड मोठं उघडलं.